तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी काहीच करत नाही का?

"मॅडम, मला साधी सर्दीपण होत नाही, मग एचआयव्ही आत शिरलाच कसा, पेशींनी काहीच केलं नाही का?" आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात, काउन्सेलर म्हणून बसते मी, हा प्रश्न सारखा येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज बरेचदा इतका खाली गेलेला असतो, जणू त्याचंच शरीर कुठेतरी कमी पडलं.

तसं नाहीये हो. एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशीत एपोबेक३जी नावाचं प्रोटीन असतं, २००२ साली शास्त्रज्ञांना कळलं की ते एचआयव्हीला अडवतं. ते तयार होणाऱ्या नव्या व्हायरसच्या पोटात जाऊन बसतं, आणि तो पुढच्या पेशीत शिरून आपल्या आरएनएवरून डीएनएची कॉपी काढायला लागला की त्या कॉपीतली 'सी' ही अक्षरं बदलून 'यू' करत सुटतं. मी पेशंटसमोर कागदावर त्याचंच नाव लिहिते, मग मधली दोन-तीन अक्षरं खोडून भलतीच घालते आणि म्हणते, वाचा आता. वाचता येत नाही. व्हायरसची कॉपीपण अशीच निकामी होते.

पण व्हायरसकडे विफ नावाचं प्रोटीन आहे, ते एपोबेकला धरून पेशीच्याच कचरा मोडणाऱ्या यंत्रणेकडे ढकलतं, आणि तिथे त्याचे तुकडे होतात. इतकी वर्षं सांगतेय तरी इथे आलं की मला रागच येतो.

पेशीचं दुसरं असं प्रोटीन म्हणजे टेदरिन. नवा व्हायरस पेशीतून सुटायला निघाला की हे त्याला वासराला दाव्याने बांधावं तसं पेशीच्या कडेलाच बांधून ठेवतं. तर तिथे व्हायरसचं व्हीपीयू नावाचं प्रोटीन येऊन टेदरिनलाच कडेवरून हटवतं. ऱ्हीसस माकडांकडे ट्रिम५ अल्फा नावाचं प्रोटीन आहे, ते एचआयव्हीला सुरुवातीलाच रोखतं, आपलं त्याच्यापुढे फार कमजोर.

"काहींना होतच नाही म्हणे" हेपण विचारतात. एचआयव्ही पेशीत शिरताना जे दार वापरतो ते बनवणाऱ्या सीसीआर५ जीनमधली ३२ अक्षरं आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून गळालेली आली तर बहुतेक प्रकारच्या एचआयव्हीला आत यायचं दारच मिळत नाही, पण असे लोक युरोपात साधारण शंभरात एक, भारतात अगदीच दुर्मिळ, त्या भरवशावर कृपा करून राहू नका.

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, टीएलडीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी मिळते ना, तिच्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन नेमकी त्या कॉपी काढायच्या पायरीवरच आडवी येतात, आणि विफला त्यांचं काही म्हणजे काही करता येत नाही.