सांध्यांना वीज वेगळी हवी

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचे स्थानक असल्याने तेथे इंजिनाला गाडीच्या दुसऱ्या टोकाला यावे लागते, आणि त्याची छोटी चालती प्रतिकृती (मॉडेल रेल्वे) घरच्या फळीवर मांडू पाहणाऱ्याला सांध्यांची, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांची, संख्या आपोआपच वाढवावी लागते. हे सांधे, सिग्नल व फलाटावरचे दिवे यांची वीज इंजिन चालवणाऱ्या रुळांच्या विजेतून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सांध्यावर डबा घसरून रुळांत शॉर्ट झाला, की नेमका तोच सांधा फिरवायला वीज उरत नाही.

सांधा फिरवणाऱ्या दोन कॉइलच्या मोटारीला क्षणभरच, पण काही अँपिअरचा जोरदार झटका लागतो. बटण अडकून प्रवाह चालू राहिला तर कॉइल जळते. म्हणून मध्ये कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) सर्किट घालावे: कपॅसिटर सावकाश भरतो, बटण दाबताच एकदम रिकामा होतो आणि बटण दाबलेलेच राहिले तरी कॉइल वाचते. सावकाश फिरणाऱ्या मोटारींचे तसे नाही. त्या १२ व्होल्ट डीसीवर जेमतेम काही मिलिअँपिअर घेतात आणि सतत चालू राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. महाग असल्या तरी मला त्याच पसंत आहेत.

दिव्यांचे गणित सोपे आहे. १२ व्होल्टवर २ व्होल्टचा लाल एलईडी १० मिलिअँपिअरने लावायचा, तर १ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाह रोखून धरणारा भाग) पुरतो.