मावशीला ओटी भरायची होती, मला ट्रेक करायचा होता

कळसूबाईला जाऊया असं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा अंगठे बरेच आले, पण येणार कोण म्हटल्यावर सगळे गायब. दोन दिवसांनी मावशीचा फोन. "मी येते. मला देवीची ओटी भरायचीय, कधीची राहिलीय." मावशी ६१ वर्षांची. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, एवढाच तिचा गिर्यारोहणाचा अनुभव. मी म्हटलं अगं मावशी, तो महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर आहे, १६४६ मीटर. त्यावर ती म्हणाली, "मग देवी काय खाली यायची का?"

झालं. मावसबहीण पण तयार झाली (आईला एकटीला तुझ्याबरोबर सोडणार नाही म्हणे, म्हणजे काय ते तिलाच माहीत) आणि मी एक्सेल उघडलं. मला प्लॅनिंगचा जरा आजार आहे हे कबूल करतो.

पहिला वाद तारखेवरून. मावशीला नवरात्रात जायचं होतं, तेव्हा वर देवीची जत्रा असते. मी सपशेल नाही म्हटलं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि नवरात्र या दिवसांत वाटेवरच्या लोखंडी शिड्यांखाली रांग लागते, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर, त्यात पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. शेवटी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरला. पाऊस संपलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं, हवा स्वच्छ, ऊन सोसण्यासारखं. एकच तोटा, दिवस लहान. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या आडोशाला त्याच्याही आधी अंधारून येतं.

म्हणून मी हिशेब उलटा मांडला. नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला होता, दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पायथ्याच्या बारी गावातून वरपर्यंत वाट सहा-साडेसहा किलोमीटर, चढ साधारण साडेआठशे-नऊशे मीटर, म्हणजे पावणेतीन तास झाले. पण तो नियम धडधाकट माणसाचा, मावशीसाठी मी दीडपट केलं, सव्वाचार तास. उतरायला तीन. सकाळी सातला निघालो तर सव्वाअकराला वर, चारच्या आत खाली. आणि एक नियम लाल रंगात, बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. उतरायला अंधार झाला की पाय घसरतात, त्यामुळे ही वेळ घरातून निघण्याआधीच ठरवलेली बरी, वर पोचल्यावर कोणाचं कोण ऐकतंय. प्लॅन बी पण होता, पायथ्याला देवीचं एक छोटं मंदिर आहे, ज्यांना वर जाणं झेपत नाही ते तिथेच नमस्कार करतात. हे मी मावशीला सांगायला नको होतं. "तुला वाटतं मी खालनं हात जोडून परत येईन?" असं म्हणून तिने रोज संध्याकाळी जिने चढायला सुरुवात केली, तीन मजले, पाच वेळा. दीड महिना. मी स्वतः काही केलं नाही, मी तर ट्रेकर.

बुधवारी दुपारी कसारा लोकल, तिथून जीप, इगतपुरी, घोटी करत बारी. गावात एका घरी राहायची सोय आधीच फोनवर केलेली. भाताची कापणी झालेली, खळ्यावर मळणी चाललेली, सगळ्या गावाला पेंढ्याचा वास. रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. घरातल्या आजींनी मावशीकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हळूहळू जावा, बोलू नका चढताना." आख्ख्या एक्सेलमध्ये हा सल्ला नव्हता.

सकाळी सात दहाला निघालो. प्रत्येकी तीन लिटर पाणी, सुके अंजीर, गुळपोळ्या, एक ओआरएसचं पाकीट, बॅटरी, वाऱ्यासाठी जाकीट, कारण एवढ्या चढावर पाच-सहा अंशांचा फरक पडतो आणि वर वारा असतो तो वेगळाच. मावशीच्या पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या. ती पिशवी तिने मला दिली नाही.

पहिला तास शेतांतून आणि मग झाडीतून, तिथे कोणालाच काही वाटत नाही. खरा चढ त्यानंतर लागतो, उघडा, पायऱ्या-पायऱ्यांचा, आणि इथेच बहुतेक लोकांची हवा निघते कारण सुरुवातीला पळालेले असतात. मावशी पळालीच नाही. तिचा एक ठेका होता, वीस पावलं आणि एक श्वास, वीस पावलं आणि एक श्वास, आणि मी पुढे जाऊन थांबायचो, परत पुढे जाऊन थांबायचो, त्यात माझीच जास्त दमछाक झाली. आजींचा सल्ला मात्र तिने पाळला नाही. चढता चढता तिने कळसूची गोष्ट सांगितली, कळसू नावाची मुलगी गावात कोणाच्या तरी घरी कामाला राहिली, अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी सगळं करायची. एक दिवस तिला ते काम लावलंच, तर ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. गोष्ट संपल्यावर मावशी एक मिनिट गप्प आणि मग म्हणाली, "मीपण चाळीस वर्षं आधीच यायला हवं होतं इकडे."

शिड्यांची मला काळजी होती. लोखंडी आहेत, कठडे आहेत, पण खाली बघितलं की पोटात गोळा येतो. मावसबहीण अर्ध्यात थांबली, डोळे मिटून, आणि मावशी खालून ओरडतेय, "अगं चल, मागे लोक आहेत." मागे कोणी नव्हतं, गुरुवार होता.

विहिरीपाशी पोचलो तेव्हा अकरा पस्तीस. शेवटच्या शिडीच्या आधी सपाटीवर ही विहीर आहे, शेजारच्या टपरीत चहा, लिंबू सरबत, भजी मिळतात. मी घड्याळ दाखवलं, मावशी चहा घेऊन बसली. "देवीच्या दारात घड्याळ काय दाखवतोस रे." माझा लाल नियम माझ्याच डोळ्यांसमोर विरघळत होता. आकाश स्वच्छ होतं, तिघेही ठीक होतो, वर पंधरा-वीस मिनिटांचंच काम, म्हणून गेलो. ढग असते तर नसतो गेलो हे मुद्दाम लिहितोय.

बारा दहाला माथ्यावर. देऊळ अगदी छोटं, आत दोन-तीन माणसं जेमतेम. मावशीने ओटी भरली, नारळ फोडला, आणि बाहेर येऊन पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतंय, त्याच्या पलीकडे रतनगड, लांब धुरकट हरिश्चंद्रगड. मी नावं सांगत होतो, ती हूं हूं करत होती. मग म्हणाली, "आपलं घर कुठल्या बाजूला?" मी हात केला त्या दिशेला ती बराच वेळ बघत राहिली. दिसत काहीच नव्हतं.

आता माझी लाज. उतरताना शिड्या संपल्या आणि मला उजव्या पायाखाली काहीतरी मऊ मऊ लागायला लागलं. बघतो तर बुटाचा सोल मागून सुटून जबड्यासारखा उघडतोय. दोन वर्षं माळ्यावर पडलेले बूट. असल्या बुटांच्या सोलमधला पॉलियुरेथेनचा थर न वापरता ठेवला तरी दमट हवेने आतल्या आत विरतो, वरून बूट नवाच दिसतो. मला हे माहीत होतं! दुसऱ्यांना मी हे सांगत फिरतो! सगळ्यांची बॅग तपासली, मावशीचे साधे कॅनव्हासचे बूट दोनदा वाकवून बघितले, स्वतःचे बघितलेच नाहीत. अर्ध्या तासात डावापण गेला.

खालच्या एका टपरीवरच्या काकांनी प्लास्टिकच्या छपराची उरलेली सुतळी दिली. मावशीने दगडावर बसवून माझे दोन्ही बूट बांधले, शाळेत जाणाऱ्या पोराचे बांधावेत तसे, वर गाठ मारून म्हणाली, "आता वीस पावलं आणि एक श्वास." सुतळी दर पंधरा मिनिटांनी झिजून तुटायची, परत बांधायची. उतार तीन तासांचा धरला होता तो चारवर गेला आणि उशीर मावशीच्या गुडघ्यांमुळे नाही, माझ्यामुळे. पावणेपाचला बारीत. अंधाराला तास-सव्वा तास होता, तो तेवढा उलट्या हिशेबाने वाचवला म्हणायचा.

आजी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मावशीकडे बघून म्हणाल्या, "गेल्या का वरपर्यंत?" मग माझ्या पायांकडे नजर गेली आणि आजी सूप खाली ठेवून जे हसायला लागल्या ते आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत हसतच होत्या.