टेप बहात्तर इंचांवर थांबली

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका गोदामात मी मालाची कागदपत्रं बघतो. त्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला. मूळचे सांगलीचे, इथे प्लास्टिकच्या क्रेट्सचा व्यापार करतात. अटलांटाला गेलेल्या तीन पॅलेटचं, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या खोक्यांच्या तीन थप्प्यांचं, वाढीव बिल त्यांच्या हातात पडलं होतं.

"अरे, काट्यावरचं वजन तर तेवढंच आहे. मग भाडं कसं वाढलं?"

वजन बरोबरच होतं. प्रत्येक पॅलेट लाकडासकट ४५० पाउंड. मी कागद काढले आणि चूक दिसली. माझीच होती. लांबी ४८, रुंदी ४०, उंची ५५ इंच, हे आकडे मी मागच्या ऑर्डरवरून जसेच्या तसे उतरवले होते. या वेळी गोदामातल्या पोरांनी खोक्यांचा आणखी एक थर चढवला होता.

तशीच रचलेली एक पॅलेट अजून गोदामाच्या धक्क्यावर, ट्रकमध्ये माल चढवतात तिथे, होती. टेप लावली. ७२ इंच.

तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. तिन्ही मापांचा गुणाकार भागिले १७२८, म्हणजे घनफूट. कागदावरची पॅलेट ६१ घनफुटांची, खरी ८० घनफुटांची. त्यामुळे घनता, म्हणजे दर घनफुटामागचं वजन, ७.४ वरून ५.६ पाउंडांवर आली. भाडं मालाच्या वर्गावरून ठरतं, वर्गाचा आकडा मोठा तसं भाडं जास्त. सहा ते आठ पाउंडांना १२५ चा वर्ग लागतो, चार ते सहाला १७५ चा. वाहतूक कंपनीच्या टर्मिनलवर मोजमापाचं यंत्र असतं, त्यानं हे बरोबर पकडलं. वर तपासणीचं शुल्क लागलं ते वेगळंच.

काकांना एवढंच सांगितलं, की ट्रेलरमध्ये दहा जणांचा माल एकत्र जातो, आणि हलका पण फुगीर माल वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी जागा संपवतो. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे चुरमुऱ्याचं पोतं. वडिलांच्या दुकानात तांदळाची पोती एकावर एक बसायची, चुरमुऱ्याची दोन आली की माणसाला उभं राहायला जागा नसायची."

अमेरिकेत ५० पासून ५०० पर्यंत असे १८ वर्ग आहेत. १९ जुलै २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचा वर्ग त्यांच्या नावावरून न ठरवता घनतेच्या १३ पायऱ्यांच्या पट्टीवरून ठरवायला सुरुवात झाली. मला हा बदल पटतो. पूर्वी एकाच मालाला कुठलं नाव द्यायचं यावरून तासन् तास वाद चालायचे, टेपशी तसा वाद घालता येत नाही. हाताळणी, शेजारच्या मालासोबत रचता येणं आणि मोडतोडीची जोखीम या गोष्टी आजही बघतात, पण प्लास्टिकच्या साध्या वस्तूंचा निकाल घनतेवरच लागतो.

बिलाविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नव्हता, मापच खरं होतं. काकांची माफी मागितली, तपासणीचं शुल्क आमच्या खात्यातून भरायला साहेबांना राजी केलं आणि दुपारी एक खोकं फोडून बघितलं. क्रेट खाली निमुळते होते, तरी कारखान्यात एकेक सुटा भरलेला. एकात एक बसवून पाहिले, अगदी चपखल बसले.

पुढच्या खेपेला काका स्वतः धक्क्यावर आले. तेवढेच नग, तेवढंच वजन, उंची मात्र ३६ इंच. घनता सव्वाअकरा, वर्ग ९२.५. टेप त्यांनीच धरली होती. मी आकडा मोठ्यानं वाचला, त्यांनी टेपसकट पॅलेटचा फोटो काढला आणि मग मी कागद भरला.