सॉल्ट बसवायला 4 मिनिटं, पोर्ट उघडायला 14 दिवस

सॉल्ट म्हणजे एका जागेवरून अनेक सर्व्हरची सेटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि पोर्ट म्हणजे मशीनमध्ये नेटवर्कवरून शिरायचं नंबर दिलेलं दार. आधीच सांगतो, "5 स्टेपमध्ये सॉल्ट इन्स्टॉल करा" टाइपचं हे काही नाहीये, तसलं ढिगानं सापडेल. इन्स्टॉलला काही लागत नाही. मला जे लागलं ते भलतंच होतं आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

आमच्याकडे 12 लिनक्स सर्व्हर, आणि प्रत्येकावर हातानं केलेले बदल. एसएसएचचं (लांबच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) कॉन्फिग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं, टाइम सिंक कुठे चालू कुठे बंद, कोणी कधी काय केलं पत्ता नाही, आणि ज्यानं केलं तो बहुतेक मीच. म्हटलं एकदाचं कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट, म्हणजे सगळ्यांची सेटिंग एका जागेवरून सारखी ठेवणारं काहीतरी, बसवूनच टाकू. अन्सिबल (याच कामाचं दुसरं साधन) घ्यायचं चाललं होतं, त्याला एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर बसवायचा प्रोग्राम, लागत नाही, एसएसएचवर भागतं, पण टीममध्ये एकाला सॉल्ट येत होतं म्हणून सॉल्ट. (हा गृहस्थ नंतर पुढचे दोन आठवडे रजेवर होता.) मास्टरसाठी, म्हणजे हुकूम देणाऱ्यासाठी, एक वेगळा सर्व्हर ठेवला, बाकीचे 12 मिनियन, म्हणजे हुकूम पाळणारे.

सॉल्टची बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट येते, साधी शेल स्क्रिप्ट. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठला ते तीच ओळखते, रेपो (पॅकेज जिथून येतात ती जागा) जोडते, पॅकेज टाकते, सर्व्हिस चालू करते. मास्टरच्या मशीनवर कॅपिटल एमचा ऑप्शन द्यायचा, नाहीतर ती नुसता मिनियन बसवून मोकळी होते. मिनियनवर कॅपिटल ए आणि पुढे मास्टरचा पत्ता, स्मॉल आय आणि पुढे मिनियनचं नाव. शेवटी स्टेबल आणि 3006. व्हर्जन सांगाच, नाही सांगितलं तर त्या दिवशी जे लेटेस्ट असेल ते येतं, मग आज बसवलेला मिनियन आणि तीन महिन्यांनी बसवलेला वेगळा, आणि मिनियन मास्टरपेक्षा नवा निघाला तर नीट चालेलच याची खात्री नसते. अपग्रेडलाही तेच, आधी मास्टर, मागून मिनियन.

इतक्या वेळा कोण टाइप करणार म्हणून मी सर्व्हरची नावं एका फाइलमध्ये टाकली आणि व्हाइल रीडचा लूप (फाइल ओळीओळीनं वाचणारा) लिहून आत एसएसएच लावलं. पहिल्या सर्व्हरवर चाललं आणि लूप गपचूप संपला. एरर नाही काही नाही. मग लक्षात आलं की एसएसएच स्वतःच स्टँडर्ड इनपुट वाचतं, म्हणजे माझ्या यादीतली उरलेली नावं त्यानंच खाल्ली. एसएसएचला स्मॉल एन ऑप्शन दिला की झालं. हे मला आधी एकदा झालं होतं तरी परत झालं, तेव्हा कुठेतरी लिहून ठेवा.

तर स्क्रिप्ट, एका सर्व्हरला साधारण 4 मिनिटं, शेवटी "सॉल्ट इन्स्टॉल्ड" आलं, सर्व्हिस चालू. मी मास्टरवर गेलो, सॉल्ट-की कॅपिटल एल मारलं, म्हणजे कोणत्या मिनियनची की (ओळखीची डिजिटल किल्ली) मास्टरकडे पोचली त्याची यादी. चार हेडिंग येतात, अ‍ॅक्सेप्टेड, डिनाइड, अनअ‍ॅक्सेप्टेड, रिजेक्टेड. चारही रिकामी.

स्क्रिप्टचं "इन्स्टॉल्ड" म्हणजे पॅकेज बसलं आणि सर्व्हिस उठली, एवढंच. मास्टरशी बोलणं झालं का हे ती बघत नाही. मला वाटलं होतं झालंच काम, टीमच्या ग्रुपवर अंगठा पण टाकून आलो होतो.

मिनियनचा लॉग उघडला तर मास्टरकडे ऑथेंटिकेट करायला गेलो, टाइमआउट. परत गेलो, परत टाइमआउट. मध्ये फायरवॉल, परवानगी नसलेली कनेक्शन अडवणारा. बरोबर आहे, मास्टर वेगळ्या नेटवर्कमध्ये होता, तेवढं मला माहीत होतं, आणि फायरवॉलसाठी तिकीट टाकावं लागतं हेही. काय, एक फॉर्म भरायचा.

गुरुवारी फॉर्म भरला. सोर्स, डेस्टिनेशन, पोर्ट, प्रोटोकॉल, कारण, किती दिवसांसाठी. सोमवारी रिजेक्ट होऊन आला, शेरा एकच, "इनकरेक्ट". काय इनकरेक्ट ते नाही. मी फोन लावला, पलीकडे नेटवर्क टीमच्या एक मॅडम.

"सर, तुम्ही सोर्समध्ये मास्टर टाकलाय."

"हो मग, मास्टरच ऑर्डर देतो ना मिनियनना."

"ऑर्डर कोणीही देऊ दे सर, कनेक्शन कोण लावतो?"

गप्प बसलो. मिनियन लावतो. सॉल्टमध्ये मास्टर कुणाकडे जात नाही, मिनियनच मास्टरच्या 4505 आणि 4506 वर येऊन बसतात आणि हुकमाची वाट बघतात. मिनियनवर बाहेरून एकही पोर्ट उघडावा लागत नाही, सॉल्टची ही खरं तर चांगली गोष्ट, आणि मी ती डॉक्युमेंटमध्ये वाचलेली होती. फॉर्ममध्ये मात्र उलटी. शिवाय शेजारी एका ठिकाणी "एनी", म्हणजे कुठलाही पत्ता चालेल, असं लिहून ठेवलं होतं, घाईत. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण त्यांचं चूक नव्हतं. 2020 मध्ये सॉल्टमध्ये सुरक्षेतलं एक भोक सापडलं होतं, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-2020-11651, लॉगिन न करता मास्टरवर कमांड चालवता यायची. 2019.2.4 आणि 3000.2 मध्ये ते बुजवलं, पण ज्यांचे मास्टर पॅच न करता सरळ इंटरनेटवर उघडे होते त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा फटका बसला. म्हणून या दोन पोर्टना "एनी" कधीच नाही, फक्त आपल्या मिनियनचे पत्ते.

नवा फॉर्म. सोर्समध्ये 12 पत्ते, डेस्टिनेशन मास्टर, पोर्टच्या चौकटीत 4505-4506. सबमिट. फायरवॉलमधले बदल फक्त बुधवारी रात्री होतात असं कळलं. आठवड्यातून एकदा! बरं.

बुधवारी रात्री मेल आला, इम्प्लिमेंटेड. गुरुवारी सकाळी चहासुद्धा न घेता सॉल्ट-की. चारही हेडिंग रिकामी.

आता इथून पुढचा तो गुरुवार म्हणजे माझ्या मूर्खपणाचा कळस आहे, पण तुमचा दिवस वाचावा म्हणून सांगतो. मिनियनवरून एनसी (पोर्ट लागतो का बघायची कमांड) लावून 4505 तपासला, सक्सीडेड. झालं, पोर्ट उघडा आहे हे डोक्यात पक्कं बसलं, मग बाकी सगळ्यावर संशय. स्क्रिप्ट परत चालवली, एकदा नाही तीनदा, शेवटी कॅपिटल डी देऊन डीबगमध्ये. टीएमपी फोल्डरमध्ये ती स्वतःचा लॉग टाकते तो वरपासून खालपर्यंत वाचला, त्यात काही नाही कारण स्क्रिप्टचा काही दोषच नव्हता. मिनियनच्या की उडवून नव्या केल्या. एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा व्यवस्था) परमिसिव्हवर, म्हणजे काही न अडवण्यावर, टाकून बघितलं (परत चालू केलं, शपथ). मास्टरवरचा लोकल फायरवॉल बंद केला. मास्टरचा पत्ता नावाऐवजी आकड्यात दिला. संध्याकाळी साडेसहाला, निव्वळ वैतागून, काही विचार न करता एनसीमध्ये 4506 टाकलं.

अडकलं. कर्सर नुसता लुकलुकतोय.

मास्टरवर स्वतःवरच 4506 तपासला तर लगेच लागतो, एसएस कमांडमध्ये दोन्ही पोर्ट ऐकतायत. म्हणजे मधेच कोणीतरी खातंय. यातला फरक ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं तर बहुतेक वेळा पाकीट (डेटाचं पॅकेट) समोर पोचलंय, तिथे ऐकणारं कोणी नाही, आपली सर्व्हिस बघायची. नुसतं लटकून राहिलं तर बहुधा फायरवॉल गिळतोय. एनसी नसेल तर टेलनेट चालेल, तेही नसेल तर बॅशमध्ये डेव्ह-टीसीपीची युक्ती आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

तिकीट उघडून बघितलं. माझ्या 4505-4506 चं फॉर्मनं काय केलं होतं, डॅश आणि पुढचं सगळं कापून नुसतं 4505 ठेवलं होतं. ती चौकट एकच आकडा घेते. कुठे लिहिलेलं नाही, लाल अक्षरात ओरडत नाही, निमूट कापते. सबमिटनंतरच्या पानावर 4505 एकटंच दिसत होतं, मी ते वाचलं नव्हतं. ज्यांनी पोर्ट उघडला त्यांनी समोर जे होतं ते केलं.

परत फोन, परत त्याच मॅडम. "त्याच तिकिटात करेक्शन घेते सर, पण बुधवारीच होईल." गुरुवार संध्याकाळ ते पुढचा बुधवार रात्र. एका आकड्यासाठी.

दोन पोर्ट कशाला हे तेव्हा नीट समजून घेतलं, वेळच वेळ होता. 4505 वर मास्टर हुकूम सोडतो. 4506 वर मिनियन ओळख पटवतो, उत्तरं परत पाठवतो, फाइली मागतो. सुरुवात 4506 वरूनच होते, म्हणून तो बंद असेल तर मास्टरला मिनियनची की दिसतच नाही, माझं झालं ते. उलट की दिसली, अ‍ॅक्सेप्टही झाली, पण टेस्ट-पिंगला (मिनियन उत्तर देतो का ते बघायची कमांड) उत्तर येत नसेल तर आधी 4505 बघा. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर तो अख्खा गुरुवार वाचला असता.

बुधवारी रात्री जागाच होतो. सव्वाअकराला सॉल्ट-की मारलं आणि अनअ‍ॅक्सेप्टेडखाली नावं यायला लागली. मिनियनना हातही लावावा लागला नाही, ते बिचारे इतके दिवस आपापले दार वाजवतच होते. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, घरात सगळे झोपलेले म्हणून ओरडलो नाही.

मग मोजली. 9.

12 पाहिजेत. यात मात्र फॉर्मचा संबंध नाही, हे माझंच. यातले 4 सर्व्हर एकाच इमेजवरून (तयार सर्व्हरची साठवलेली प्रत) क्लोन केलेले, आणि त्या इमेजमध्ये मी फार पूर्वी ट्रायल म्हणून हीच स्क्रिप्ट याच मास्टरचा पत्ता देऊन चालवली होती. त्या चौघांवर परत चालवलीच नव्हती, आधीच बसलंय ना म्हणून. मिनियन आयडीची फाइल आणि कीची जोडी, दोन्ही इमेजबरोबर कॉपी झालेली, म्हणजे चार मशीन एकाच नावानं, एकाच कीनं हजेरी लावतायत आणि मास्टरला वाटतंय एकच आहे. सर्व्हिस बंद करून ईटीसीमधल्या सॉल्टच्या फोल्डरमधून मिनियन आयडीची फाइल आणि पीकेआयमधली मिनियनची जोडी उडवली, नवं नाव दिलं, सर्व्हिस चालू. चारही सुटे झाले. इमेज काढायच्या आधी हे साफ करत जा.

की अ‍ॅक्सेप्ट करताना सॉल्ट-की कॅपिटल ए मारायचा मोह होतो, एका फटक्यात सगळे. रात्री बारा वाजता मलाही झाला. पण कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी खूण) मिनियनवर सॉल्ट-कॉल कमांडनं बघून मास्टरवरच्याशी ताडून मगच एकेक घेतलं, कारण अ‍ॅक्सेप्ट केलेल्या मशीनला तुम्ही पुढे कॉन्फिगबरोबर पासवर्ड पण पाठवणार असता. आणि हो, सुरुवातीला सांगायचं राहिलं, बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट कर्लनं उचलून सरळ सुडोमध्ये पाइप करू नका, म्हणजे न बघता अॅडमिनच्या अधिकारानं चालवू नका. आधी फाइल उतरवा, सोबतच्या शा-256 शी (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) जुळवा, चाळा, मग चालवा.

टेस्ट-पिंग, स्टार, म्हणजे सगळ्यांना. 12 वेळा ट्रू.

शुक्रवारी तिकीट क्लोज झाल्याचा ऑटोमॅटिक मेल आला, खाली सगळा तपशील. पोर्टसमोर अजून 4505 एकटंच आहे. दोन्ही चालू आहेत, मी तपासलं. कोणाला काही बोललो नाहीये, मॅडमच्या करेक्शनच्या मेलचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवलाय.