जड मातीत जुन्या वाणाचं गाजर: सगळं ठरतं पहिल्या वीस दिवसांत

दोन-तीन पाय फुटलेलं, वाकडंतिकडं गाजर हातात आलं की दोष बियाण्यावर जातो, नाहीतर खतावर. दोघांचाही थोडा वाटा असू शकतो, पण मूळ कारण बहुतेक वेळा अडीच महिने जुनं असतं. बी रुजलं की आधी दोऱ्याएवढं सोटमूळ सरळ खाली जातं. वर जेमतेम दोन-तीन खरी पानं असतात, तोवर खाली ते वीतभर पोचलेलं असतं. गाजर किती लांब होणार ते इथेच ठरतं, जाडी नंतर भरते. या दोऱ्याचं टोक खड्याला थटलं, कडक थरावर अडलं, साचलेल्या पाण्यात कुजलं किंवा कच्च्या शेणखताने जळलं, की टोक मरतं आणि बाजूची मुळं त्याची जागा घेतात. तेच ते फाटे. म्हणून जड मातीत गाजराची मेहनत करायची ती पेरणीच्या आधी आणि पेरणीनंतरच्या वीस दिवसांत. पुढे फक्त सांभाळायचं असतं.

आपल्याकडची, म्हणजे ठाणे-नवी मुंबईतली, ‘जड माती’ एका जातीची नाही. घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीखाली लाल मुरमाड माती मिळते, खडे भरपूर आणि वाळली की वीट. ऐरोली, सीवूड्स, कोपरखैरणे या खाडीकडच्या पट्ट्यात भरावाखाली काळपट चिकण असते आणि तिच्यात मीठ मुरलेलं असतं. नव्या सोसायट्यांच्या बागेत तिसराच प्रकार: वर सहा इंच विकतची लाल माती, खाली रोलरने दाबलेला भराव, त्यात विटांचे आणि टाइल्सचे तुकडे. तेव्हा आधी पहार मारून बघा. पहार नऊ इंच सहज गेली तर जमिनीतच काम होईल. सहा इंचांवर ठणकली तर जमिनीवर गादीवाफा (मातीचा उंच वाफा) उचलून घ्यायचा, खालच्या भरावाशी झगडत बसायचं नाही.

मातीचा पोत कळायला काचेची बरणी पुरते. अर्धी बरणी माती, वर पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर, झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या एक-दोन मिनिटांत खाली बसते ती वाळू, दोन तासांत बसतो तो गाळ. त्यानंतर दिवसभर पाणी गढूळ ठेवून सावकाश बसते ती चिकण. चिकणीचा थर एकूण मातीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर खाली सांगितलेलं सगळं तुमच्यासाठीच आहे.

खारेपणाकडे मात्र दुर्लक्ष नको. मिठाला हळव्या भाज्यांत गाजराचा नंबर फार वर लागतो. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ जितकं जास्त तितकी ही जास्त) दर मीटरला १ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटू लागतं, आणि मीठ जास्त असेल तर बी रुजण्यावरही परिणाम होतो. वाळलेल्या मातीवर पांढरी साय दिसली तर शंका घ्या. घरच्या घरी करायची खात्रीची चाचणी म्हणजे दोन कुंड्या: एकीत बागेतली माती, दुसरीत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन्हींत वीस-वीस बिया. पंधरा दिवसांत पहिलीत पाच आणि दुसरीत पंधरा उगवल्या तर उत्तर मिळालं. यावर इलाज पावसाचाच. ठाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्याइतका मीठ धुणारा दुसरा कोणी नाही. मे महिन्यातच वाफा २५ सेंटीमीटर उंच करून ठेवा, बाजूने चर काढा आणि पाण्याला बाहेर जायला वाट द्या. वाट नसेल तर मीठ तिथेच राहतं. वाफा उघडा टाकला तर पावसाचा मार त्याला पुन्हा घट्ट करतो, म्हणून जूनमध्ये त्यात धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खतासाठी गाडायचं पीक, पेरा. धैंचा खारेपणा सोसतो, मुळं खोल जातात, आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर यायच्या सुमारास कापून मातीत गाडता येतो. खारी जमीन नसेल तर तागही चालतो. सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी आधी मुळांवर दिसल्या असतील तर त्याऐवजी झेंडू लावा, दसऱ्याला फुलं घ्या आणि झाडं तिथेच गाडा. काहीही गाडलं तरी गाजर पेरायच्या आधी किमान महिनाभर कुजायला वेळ हवा.

‘माती जड आहे ना, मग रेती घाला’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धवट पाळला तर नुकसानच होतं. चिकणमातीत थोडी रेती घातली की चिकण रेतीच्या कणांमध्ये भरून बसते आणि वाळल्यावर तयार होतो कच्चा काँक्रीट. खरा फरक पडायला जवळजवळ मातीइतकीच रेती लागते. त्यातून इथे स्वस्तात मिळणारी रेती खाडीची असेल तर मीठही सोबत येतं. चिकणमाती मोकळी करतं ते कुजलेलं सेंद्रिय खत: दर चौरस मीटरला दोन घमेली, पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, ते भेंडीला ठेवा. शहापूर-मुरबाडकडच्या भातगिरणीतून तूस मिळाला तर घमेलंभर तोही घाला. तो लवकर कुजत नाही, म्हणून दोन-तीन हंगाम मातीत फटी धरून ठेवतो. लाल मातीत वर शंभर ग्रॅम लाकडाची राख टाका. खाऱ्या मातीत राख नको.

आता वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना कोरडी, खणण्याजोगी असते ती अवस्था. शेतकऱ्याच्या तोंडचा हा शब्द बागेतही तितकाच महत्त्वाचा आहे आणि जड मातीत तर सगळं काम त्याच्यावर तोललेलं असतं. चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबून लाडू करा. लाडू झाला नाही तर माती कोरडी आहे, कुदळीने ढेकळंच निघतील. झाला तर कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून चपटा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे, आज माती हलवायची नाही. पडून भुगा झाला तर वाफसा आला. ओल्या चिकणीत एकदा पाय पडला किंवा कुदळ फिरली की ती त्या हंगामापुरती बिघडते, पुढे कितीही खत घातलं तरी. ऑक्टोबरच्या उन्हात पावसानंतर वाफसा जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. तो गाठायचा.

वाण निवडताना इथे पेच पडतो. जड मातीला आखूड गाजर बरं, आणि जुन्या सरळ वाणांतली (ज्यांचं बी राखून पुन्हा तसंच पीक घेता येतं) आखूड गाजरं बहुतेक युरोपातून आलेली, थंडीची. शॅन्टने बुटकं आणि शंकूसारखं, वीतभराच्या आत. ऑक्सहार्ट बैलाच्या काळजासारखं रुंद. पॅरिस मार्केट तर गोल, मोठ्या लिंबाएवढं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्स गावाच्या नावाचं डॅन्व्हर्स थोडं लांब होतं, पण चिकणमातीत तगणारं म्हणून त्याची ख्याती आहे. उलट आपलं देशी लाल गाजर उष्णता चांगली सोसतं, पण ते लांब आणि निमुळतं, म्हणजे खोल मऊ माती मागणारं. देशीपैकी पुसा रुधिरा हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा लाल वाण आणि पुसा असिता हा काळा. हे पिढीजात नव्हेत, सुधारित वाण आहेत, पण सरळ आहेत, संकरित नाहीत. लाल रंग लायकोपीनचा, नारिंगी कॅरोटीनचा, काळा अँथोसायनिनचा. नारिंगी रंग १५ ते २० अंशांत उत्तम भरतो. ठाण्यात जानेवारीतही दुपार तिशीला टेकते, त्यामुळे इथलं शॅन्टने थोडं फिकंच होणार, तो तुमचा दोष नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी निम्मा वाफा पॅरिस मार्केटचा आणि निम्मा देशी लालचा करा. पाकिटावर ‘एफ-वन’ लिहिलं असेल तर ते संकरित, त्याचं बी राखण्यात अर्थ नाही.

भोगीच्या भाजीला घरचं गाजर हवं असेल तर उलट मोजा. भोगी १३ जानेवारीच्या आसपास आणि देशी लाल पंच्याऐंशी ते शंभर दिवस घेतं, म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. तेव्हा माती तापलेली असते, आणि ती पस्तीस अंशांच्या पुढे गेली की गाजराचं बी रुजायला नकार देतं, म्हणून सावली आणि ओलं गोणपाट लागतंच. पॅरिस मार्केट साठ-पासष्ट दिवसांत तयार होतं, ते दिवाळीनंतर पेरलं तरी भोगीला येतं. शॅन्टनेला घाई करू नका. नोव्हेंबरच्या शेवटी पेरा, म्हणजे गाजर भरण्याचे दिवस जानेवारीच्या थंडीत येतात.

आता भोकं. संपूर्ण वाफा एक फूट खोल मऊ करण्यापेक्षा प्रत्येक गाजराला त्याची स्वतःची मऊ जागा करून देणं सोपं आणि स्वस्त. वाफसा असताना पहार २५ सेंटीमीटर खोल उभी मारा आणि दांडा गोल फिरवत वरचं तोंड ७ सेंटीमीटर रुंद करा. उलट्या शंकूसारखं भोक तयार होतं. दोन भोकांत १५ सेंटीमीटर अंतर. एक चौरस मीटरमध्ये अशी ३६ भोकं बसतात आणि भरायला साधारण १२ लिटर मिश्रण लागतं: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं कुजलेलं खत, एक भाग नदीची धुतलेली जाड रेती, एक भाग तिथलीच चाळलेली माती. तिथली माती मुद्दाम घालायची, नाहीतर भोकातलं आणि बाहेरचं इतकं वेगळं होतं की मूळ भिंत ओलांडून जात नाही. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या.

भोकात बॅटरी मारून भिंत बघा. ती कुंभाराने हात फिरवलेल्या मडक्यासारखी गुळगुळीत, चकचकीत दिसली तर माती ओली होती आणि पहारेने ती लिंपली गेली आहे. अशी भिंत पाणी सोडत नाही, भोकाचा पेला होतो आणि त्यात मुळाचं टोक कुजतं. जुना काटा किंवा खिळे ठोकलेली काठी आत फिरवून भिंत खरवडा, मगच मिश्रण भरा. भरताना दाबू नका. एकदा पाणी घाला, बसेल तेवढं बसू द्या, वर परत भरा.

प्रत्येक भोकात तीन बिया, अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. गाजराचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये आठशेच्या आसपास भरतं, तेव्हा एका चौरस मीटरला चिमूट पुरे. वरून बागेची माती कधीही टाकू नका. झारीचं पाणी आणि ऊन मिळून तिची पपडी होते, आणि सातव्या ते चौदाव्या दिवशी अंकुर वर यायला धडपडतात तेव्हा पपडी पापडासारखी उचलली जाते. खाली बघाल तर पिवळे पडलेले, वळसे घेतलेले अंकुर. चाळलेलं कोकोपीट आणि खत यांचा पातळ थर टाका, वर ओलं गोणपाट. पाचव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते उचलून बघायचं आणि पहिला हिरवा टिपका दिसला की त्याच दिवशी काढायचं. एक दिवस उशीर झाला तर अंकुर गोणपाटाच्या धाग्यांत अडकून उपटले जातात. ओळीत पेरत असाल तर दर वीतभर अंतरावर एक मुळ्याचं बी टाका. मुळा चार दिवसांत वर येऊन पपडी फोडतो, ओळ दाखवतो आणि महिन्याभरात पानात पडतो.

उगवेपर्यंत पृष्ठभाग एकदाही सुकता कामा नये, दिवसातून दोनदा बारीक झारी. नंतर मात्र सवय बदला: दोन-तीन दिवसांतून एकदा, पण खोल. खाडीजवळच्या बोअरचं मचूळ पाणी गाजराला नको. दोन-तीन खरी पानं आली की भोकात एकच रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. चिकण मातीत एक उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं, आणि सगळा जीव त्याच मुळासाठी टाकला होता. मग भाताच्या पेंढ्याचं दोन बोटं आच्छादन करा. ते नसेल तर जड माती वाळून भेगाळते, पुढचं पाणी एकदम मिळालं की गाजर उभं तडकतं. गाजराचे खांदे वर दिसू लागले की मातीची भर द्या, नाहीतर ऊन लागून हिरवे आणि कडू होतात. गाजरावर केसाळ मुळं आली तर नत्र किंवा पाणी जास्त झालंय. आणि घुशी. सोसायटीत त्यांचा वावर असेल तर गादीवाफ्याच्या तळाला अर्धा इंची जाळी घालूनच सुरुवात करा.

काढणीच्या आदल्या दिवशी पाणी द्या आणि पानं धरून ओढू नका, चिकण सोडत नाही आणि पानंच हातात येतात. बाजूला पहार घालून माती सैल करा, मग गाजर उचला.

युरोपीय वाणांना फुलावर यायला जी थंडी लागते ती ठाण्यात मिळत नाही, त्यांचं बी विकतच आणावं लागतं. देशी वाणाचा प्रयत्न जरूर करावा. सगळ्यात सरळ, रंगाने भरलेली, न तडकलेली गाजरं निवडा. वरचा एक-तृतीयांश भाग ठेवून खालचा कापा, पानं चार बोटं ठेवून छाटा, आणि कापलेल्या जागेला राख लावून दीड फुटावर पुन्हा लावा. फुलं आल्यावर दुसरा गाजराचा वाण जवळ फुलत असेल तर मधमाश्या दोन्हींचा परागकण एकत्र करतात, म्हणून एका हंगामात एकच वाण फुलवा. मधलं मुख्य छत्र तपकिरी होऊन आत वळू लागलं की कात्रीने कापून कागदी पिशवीत सावलीत वाळवा. या छत्रातलं बी सगळ्यात टपोरं. तळहातांत चोळून काटे काढा, पाकिटावर वाण आणि महिना लिहा आणि तीन वर्षांच्या आत पेरून टाका.