वारीच्या पुढचा एक मुक्काम

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर सेंट मॅग्नस या तिथल्या संताच्या नावाने पायी वारी करतात. एव्हीपासून कर्कवॉलच्या कॅथीड्रलपर्यंत साधारण ९३ किलोमीटर. दिंडी नाही, टाळ नाहीत, आणि झाडं इतकी कमी की वाऱ्याला अडवणारं कुणी नाही. ११३७ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या तांबड्या दगडी कॅथीड्रलात एका खांबाच्या पोटात मॅग्नसच्या अस्थी आहेत. रीतीप्रमाणे वारी तिथे पुरी होते. मला मात्र आणखी दक्षिणेला, लॅम होम बेटावर इटालियन युद्धकैद्यांनी उभारलेलं चॅपल बघायला जायचं होतं.

सेंट मेरीज गाव सोडलं की रस्ता समुद्रातल्या बांधावर चढतो. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन पाणबुडीने इथल्या स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली, आठशेच्या वर माणसं गेली. मग बेटांमधल्या खाड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बुजवायचं ठरलं. हे काम उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या इटालियन कैद्यांनाही लावलं. युद्धकैद्यांकडून लढाईचं काम करून घेता येत नाही म्हणून त्यांनी संपही केला. तेव्हा सरकारने सांगितलं, बांध कसला, हा तर बेटं जोडणारा रस्ता! त्या पळवाटेवरूनच मी चालत होतो.

बांध संपताच चॅपल. समोरून देखणं, पांढरंशुभ्र, वर छोटी घंटा. बाजूला गेलं की सोंग उघडं पडतं: अर्ध्यात चिरून पालथ्या घातलेल्या पिंपासारखी पत्र्याची दोन निसेन खोपटी, एकाला एक जोडलेली.

आत गेल्यावर भिंतीवर विटा दिसतात, वर कोरीव दगड दिसतो, आणि सगळं रंगवलेलं! सपाट प्लास्टरबोर्डावर डोमेनिको कियोकेत्ती या कैद्याने कुंचल्याने छाया पाडल्या आहेत. वेदीमागची मेरी आणि बाळ त्याने आईने दिलेल्या छोट्या चित्रावरून काढली. कंदील गोमांसाच्या रिकाम्या डब्यांचे, लाकूड फुटलेल्या जहाजाचं. गाभाऱ्यापुढची लोखंडी जाळी पालुंबी नावाच्या लोहाराची. मला चित्रांपेक्षा तीच जास्त आवडली. चित्रांत शिकाऊपणा आहे, जाळीत नाही.

१९४४ मध्ये बाकीचे कैदी हलवले गेले, पण बाप्तिस्म्याचं पात्र अपुरं होतं म्हणून कियोकेत्ती मागे राहिला. सुटकेची वाट बघणारा माणूस एका पात्रासाठी थांबतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही. १९६० मध्ये तो इटलीहून परत आला, तेव्हाही ओल लागलेली चित्रं दुरुस्त करायलाच.

बराच वेळ बाकावर बसलो. परतीला मात्र सरळ बस धरली. वारकरीसुद्धा पंढरपूरहून एसटीनेच येतात.