आधी कुणाला झालं?

नवरा-बायको समोर बसलेत आणि हातात क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजाराचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे, अशा वेळी पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ‘मॅडम, हे आधी कुणाला झालं?’ हा असतो. विचारतो बहुधा नवरा. ती खाली बघत असते. सोबत सासूबाई आल्या असतील तर त्यांच्याकडे उत्तर तयारच असतं.

मी एका उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशक आहे. दारावर ‘सुरक्षा क्लिनिक’ची, म्हणजे अशा गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्याची पाटी, आत टेबल, खुर्च्या, औषधांचं कपाट आणि भिंतीवर पोस्टर, ज्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. त्या प्रश्नाला माझं उत्तर एकच: सांगता येत नाही. लोकांना वाटतं मॅडम भांडण टाळतायत. तेही थोडं खरं आहे, पण मुळात ते सांगता येतच नाही. का, ते इथे लिहिते, कारण त्या खोलीत ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू आपल्या पेशीच्या आत शिरून वाढतो, बाहेर त्याला वाढता येत नाही. म्हणून कितीतरी वर्षं त्याला विषाणूच समजत होते. १९०७ साली जावा बेटावर संशोधकांना त्याच्या खुणा पेशींमध्ये पहिल्यांदा दिसल्या, त्याही डोळ्याच्या खरवडीत. जुन्या माणसांना खुपऱ्या (ट्रॅकोमा हा डोळ्यांचा आजार) आठवत असतील. त्या करणारा जिवाणू हाच, फक्त त्याचे उपप्रकार वेगळे. खुपऱ्या ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं. शरीरसंबंधातून पसरणारे उपप्रकार मात्र जोरात आहेत. २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातल्या जगभरच्या माणसांत सुमारे १२.९ कोटी नव्या लागणी झाल्या, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

एवढ्या लागणी होऊनही गावात कुणी हे नाव ऐकलेलं नसतं. बहुतेक बायकांना काहीही जाणवत नाही. पुरुषांतही जवळपास निम्म्यांना नाही. ज्यांना जाणवतं त्यांना साधारण एक ते तीन आठवड्यांत लघवीला जळजळ होते, पुरुषाला पातळ स्राव येतो, बाईला संबंधानंतर रक्त दिसतं किंवा ओटीपोटात दुखतं. जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, सब्जा भिजतो. जळजळ पुढे आपोआप कमीही होते, श्रेय सब्जाला जातं. जिवाणू आत तसाच. उपचार झाले नाहीत तर तो वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो.

आता सांगा, आज आलेल्या रिपोर्टवरून हे गेल्या महिन्यातलं की लग्नाआधीचं, कसं ठरवायचं? तपासणी एवढंच बघते की लघवीत किंवा योनीमार्गाच्या स्वॅबमध्ये जिवाणूचा जनुकीय अंश आहे का. तारीख त्यात नसते. आणि हो, संडासाच्या भांड्यावरून किंवा टॉवेलवरून हे लागत नाही. काही जण मोठ्या आशेने तेही विचारतात. संसार वाचवायला म्हणूनही मी खोटं ‘हो’ म्हणत नाही.

तरी दोष बाईवर येतो, कारण तपासणी आधी तिची होते. मूल राहत नाही म्हणून तिला आणतात, नळ्यांचा एक्सरे होतो, नळ्या बंद निघतात. प्रत्येक बंद नळी क्लॅमिडियामुळेच असते असं नाही. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षय हेही मोठं कारण आहे. पण गर्भाशयाच्या तोंडाशी बसलेला हा जिवाणू वर चढला तर नळ्या सुजतात, आतून चिकटतात. पुढे गर्भ नळीतच राहण्याचाही धोका असतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. तोवर नवऱ्याची साधी लघवीसुद्धा कुणी तपासलेली नसते.

एक जोडपं आठवतं (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). तो ठासून सांगत होता, मला काही त्रास नाही, मला कशाला तपासता. तपासलं, त्याचाही पॉझिटिव्ह. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘घरी काय सांगू?’ तेव्हा पहिल्यांदा त्याच्या बायकोने मान वर केली. म्हणाली, ‘दोघांना इन्फेक्शन आहे म्हणायचं. आत्तापर्यंत माझं एकटीचं सांगत होता ना?’ मला काही बोलायची गरजच उरली नाही.

औषध त्या मानाने सोपं आहे. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गरोदर बाईला हे चालत नाही. तिला ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकदाच. हे डॉक्टरच्या सल्ल्याने, मेडिकलवाल्याच्या नव्हे.

माझ्या कपाटात वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं आहेत, तपासणीशिवाय नुसत्या तक्रारीवरून द्यायची. राखाडीत ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम एकत्र, कारण परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया नुसत्या तक्रारीवरून वेगळे ओळखता येत नाहीत आणि ती तपासणी आमच्याकडे होत नाही. बाहेर खासगी लॅबमध्ये पैसे मोजून करावी लागते. त्रास होतोय त्याच्यासाठी ही पद्धत चांगली आहे. पण जिला काही त्रासच नाही, ती माझ्या दारात येणार कशी? पाकिटांच्या योजनेवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. गरोदरपणात सिफिलिसची तपासणी होते तशी हीसुद्धा व्हायला हवी. प्रसूतीत बाळाला लागण झाली तर डोळे येतात, न्यूमोनिया होतो.

आणि जोडीदाराने त्याच वेळी औषध घ्यायलाच हवं, नाहीतर तेच परत फिरून येतं. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत, एकदाच घ्यायचं ॲझिथ्रोमायसिन दिलं असेल तर त्यानंतर ७ दिवस. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. दिवाळीनंतर नवरा ऊसतोडीला गेलेला असला की इथेच सगळं अडतं. फोनवर समजावते, चिठ्ठी देते, तो जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात पाठवते. काही जातात.

केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय’ विचारतात आणि मागे रांग कान टवकारून असते. तिथे ‘त्वचेचं दाखवायचंय’ म्हणा, पुढचं डॉक्टरना सांगा. आणि नवरा बाहेर गाडीवर मोबाईल बघत बसला असेल, तर त्याचाही केसपेपर काढा.